डाव्या बैठकीच्या हाडावरचा बेडसोअर: जुलै २०२३ ते मार्च २०२४ च्या नोंदी

मणक्याच्या इजेमुळे गेली अनेक वर्षे मी व्हीलचेअर वापरते. इजा छातीच्या दहाव्या मणक्यापाशी आहे, त्यामुळे बेंबीच्या खाली मला संवेदना नाही. सांगलीत घरातूनच हिशेब लिहिण्याचे आणि आयकर विवरणपत्रे भरण्याचे काम करते, म्हणजे दिवसाचा बहुतेक वेळ बसून जातो. एकाच जागी दाब पडत राहिल्याने होणाऱ्या जखमेच्या, म्हणजे बेडसोअरच्या, खालच्या नोंदी मुळात डॉक्टरांना दाखवण्यासाठी वहीत लिहिल्या होत्या. ज्यांना हेच काम घरी करायचे आहे त्यांना त्या उपयोगी पडाव्यात म्हणून येथे वाक्ये पूर्ण करून मांडल्या आहेत. औषधे आणि ड्रेसिंग माझ्या जखमेपुरती आहेत. ताप, थंडी, घाण वास किंवा जखमेभोवती पसरत जाणारी लाली असेल तर या नोंदी बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठावा.

२१ जुलै २०२३

विवरणपत्रांची शेवटची तारीख ३१ जुलै असल्याने गेले काही आठवडे सकाळी आठला खुर्चीत बसले की रात्रीच उठणे होत आहे. आज आंघोळीनंतर वहिनीला डाव्या कुल्ल्याखाली, नेमका बैठकीच्या हाडावर, जांभळट डाग दिसला. मोबाइलवर फोटो काढून घेतला. डाग साधारण तीन सेंटीमीटर लांब आहे आणि कातडी कोठेही फुटलेली नाही. बोटाने दाबून सोडले की निरोगी कातडी क्षणभर पांढरी होते आणि मग रंग परत येतो. येथे रंग हललाच नाही. उजव्या बाजूच्या त्याच जागेशी ताडून पाहिले तेव्हा डावी बाजू गरम लागली आणि आतून पिकलेल्या पेरूसारखी मऊ लागली.

कातडी शाबूत आहे म्हणून हे किरकोळ समजण्याची चूक सहज होते. बसणाऱ्या माणसाच्या बाबतीत दाब हाड आणि स्नायू यांच्यामध्ये सर्वाधिक असतो, म्हणून नासणे आतून सुरू होते आणि कातडी सर्वांत शेवटी फुटते. जांभळा रंग आणि मऊपणा यांचा अर्थ आतले मांस आधीच मेलेले असू शकते, असा होतो.

शेजारच्या एका काकांनी मध्ये भोक असलेली हवेची रिंग आणून दिली आणि डाग भोकात येईल अशी बसायला सांगितले. फिजिओथेरपिस्टना फोन केल्यावर त्यांनी ती वापरू नका असे स्पष्ट सांगितले. रिंगची कड चहूबाजूंनी दाबते, त्यामुळे भोकात आलेल्या भागाचा रक्तपुरवठा अधिकच अडतो. डागावर तेल लावून चोळायचेही नाही, कारण आतल्या दुखावलेल्या पेशी चोळण्याने आणखी फाटतात.

२४ जुलै

बसणे बंद केले आहे. उरलेली विवरणपत्रे पालथे झोपून भरत आहे. यासाठी मांडणी जमवायला बराच वेळ गेला, म्हणून ती सविस्तर लिहिते. छातीखाली एक जाड उशी, मांड्यांखाली एक चपटी उशी आणि नडग्यांखाली गुंडाळलेली सोलापुरी चादर ठेवली आहे. गुडघे उशीच्या दोन तुकड्यांमधल्या मोकळ्या जागेत येतात आणि पायाची बोटे गादीच्या कडेबाहेर लटकतात, म्हणजे कशावरही हाड टेकत नाही. लॅपटॉप पलंगाच्या डोक्याच्या बाजूला बुटक्या पाटावर आहे. मानेला त्रास होतो, पण अर्धा-पाऊण तास सलग काम होते. ज्यांना श्वासाचा किंवा खांद्याचा त्रास आहे, त्यांनी हा प्रकार विचारून करावा.

२९ जुलै

डाग काळा पडून त्याची कातड्यासारखी टणक खपली झाली आहे आणि कडेने पिवळसर पाणी सुटत आहे. जवळच्या दवाखान्यात जंतुनाशक पावडर आणि कोरडे गॉज मिळाले. पावडरीने खपली अधिक वाळली आणि गॉज कडांना चिकटले. ते काढताना कडेची नवी कातडी त्याबरोबर निघून आली. मला दुखत नाही, म्हणून ड्रेसिंग ओढून काढले जाते. ज्यांना संवेदना नाही त्यांच्या घरच्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे: दुखत नाही याचा अर्थ इजा होत नाही असा नाही. चिकटलेले गॉज सलाइनने भिजवून, पाच मिनिटे थांबून मगच सोडवायचे.

५ ऑगस्ट

मिरजेत प्लास्टिक सर्जनना दाखवले. त्यांनी काळी खपली आणि त्याखालचे मेलेले पिवळे मांस कापून काढले. भूल द्यावी लागली नाही. ज्यांची इजा छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर आहे त्यांना मात्र संवेदना नसली तरी अशा वेळी रक्तदाब एकाएकी धोकादायक वाढू शकतो, म्हणून त्यांनी आपली पातळी आधी सांगायलाच हवी.

खपली निघाल्यावर जखम खरी केवढी आहे ते कळले. लांबी ४.५ सेंटीमीटर, रुंदी ३.५, खोली २. याशिवाय डोक्याच्या दिशेला बारा वाजले असे धरले तर एक वाजण्याच्या दिशेने कातडीखाली २.५ सेंटीमीटरचा पोकळ कप्पा गेलेला आहे. निर्जंतुक कापसाची काडी आत घालून, कडेपाशी चिमटीत धरून ती पट्टीवर ठेवायची, अशी मोजण्याची पद्धत आहे. ती मी वहिनीला तेथेच शिकवून घेतली. सळीला हाड लागले नाही, एक्स-रेमध्ये हाड ठीक दिसले. हाड उघडे पडले असते तर त्यातला संसर्ग शोधण्यासाठी एमआरआय आणि कदाचित हाडाचा तुकडा तपासणे आले असते.

डॉक्टरांच्या भाषेत ही तिसऱ्या टप्प्याची जखम आहे. पहिल्या टप्प्यात न मिटणारी लाली, दुसऱ्यात वरची कातडी गेलेली, तिसऱ्यात चरबीपर्यंत, चौथ्यात स्नायू, स्नायुबंध किंवा हाड उघडे.

शस्त्रक्रियेचा पर्याय त्यांनी समोर ठेवला. मांडीच्या मागचा मांसल भाग सरकवून खड्डा बुजवतात (याला फ्लॅप म्हणतात), त्यानंतर सहा आठवड्यांच्या आसपास पूर्ण आडवे राहावे लागते. त्यांचे पुढचे वाक्य मी जसेच्या तसे लिहून ठेवले आहे: "ताई, फ्लॅप मी करून देईन, पण तुम्ही त्याच खुर्चीत परत बसणार असाल तर वर्षभरात तुम्ही पुन्हा माझ्याकडे याल." हाड स्वच्छ असल्याने तीन महिने शस्त्रक्रियेविना प्रयत्न करायचे ठरले.

९ ऑगस्ट

रोजचे ड्रेसिंग आता असे चालते. वहिनी हात धुऊन हातमोजे घालते. एक लिटर पाणी पंधरा मिनिटे उकळून त्यात ९ ग्रॅम मीठ विरघळवते. हे प्रमाण चमच्याने न मोजता स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मोजते, झाकून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी उरलेले टाकून देते. कोमट झाल्यावर २० मिलीच्या सिरिंजला कॅन्युलाची सुई काढलेली मऊ नळी लावून कप्प्याच्या तळापर्यंत धार सोडते. नुसते वरून ओतलेले पाणी कप्प्यात जात नाही आणि तेथेच घाण साचते.

पूर्वी आमच्या घरी प्रत्येक जखमेवर पोव्हिडोन आयोडीन किंवा फेसाळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले जाई. सर्जननी दोन्ही बंद करायला सांगितले, कारण ते जंतूंबरोबर नव्याने भरणारे लाल दाणेदार मांसही मारतात. जंतुसंसर्ग असताना थोडे दिवस आयोडीन देणे हा वेगळा निर्णय आहे आणि तो डॉक्टरांचा आहे.

धुतल्यावर अल्जिनेटची (समुद्री शेवाळापासून केलेली, पाणी शोषणारी) पट्टी कप्प्यात सैल भरायची आणि तिचे टोक बाहेर दिसत ठेवायचे. सुरुवातीला वहिनी ती ठासून भरत होती, कारण रिकामी जागा राहू नये असे तिला वाटत होते. ठासलेली पट्टी आतून दाबच देते आणि ज्या मांसाला वाढायचे आहे त्याचेच रक्त अडवते. वर फोमचे ड्रेसिंग. एका फोमला सुमारे ४०० रुपये पडतात आणि अल्जिनेट वेगळे. गुदद्वार जवळ असल्याने खालची कड सुटते आणि दोन दिवस टिकायला हवे ते ड्रेसिंग कधी कधी सकाळीच बदलावे लागते. खर्चाचा सर्वांत मोठा भाग हाच आहे.

१६ ऑगस्ट

हवेची गादी आणली, ३,२०० रुपये. फुगे आळीपाळीने फुगतात आणि बसतात. विक्रेत्याने सांगितले की आता कूस बदलायची गरज नाही. ते खरे नाही. ल्युडविग गटमन यांनी इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे १९४४ पासून मणक्याच्या रुग्णांना दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कूस बदलण्याचा नियम लावला आणि जे रुग्ण पूर्वी जखमांनी आणि मूत्रसंसर्गाने मरत ते जगू लागले. गादी त्या नियमाला मदत करते, त्याची जागा घेत नाही.

आमच्याकडे रात्री गजर लावला आहे. पहिल्या आठवड्यात डावी बाजू वाचवण्यासाठी मी सरळ उजव्या कुशीवर झोपत राहिले आणि उजव्या मांडीच्या बाहेरच्या हाडावर लाली आली. आता पूर्ण कुशीवर न होता पाठीमागे उशी लावून फक्त तीस अंश कलते. असे कलल्यावर भार कुल्ल्याच्या मांसल भागावर येतो, मांडीचे हाड आणि माकडहाड दोन्ही सुटतात. तपासायला सोपे आहे: वहिनी तळहात खाली सरकवते; हाड हाताला टोचले तर उशी कमी-जास्त करते. पलंगाची डोक्याची बाजू जेवणापुरती सोडून तीस अंशांपेक्षा वर करत नाही, कारण उंच केली की अंग खाली घसरते आणि कातडी जागेवर राहून आतले मांस ताणले जाते.

२६ ऑगस्ट

तीन आठवड्यांत मापे तशीच आहेत. लांबी ४.४, रुंदी ३.५, खोली २. जखमेचा तळ फिकट गुलाबी आहे, भरणाऱ्या जखमेचा ताजा लाल रंग त्याला नाही. रक्त तपासले: हिमोग्लोबिन ९.१, अल्ब्युमिन (रक्तातले मुख्य प्रथिन) २.८, दोन्ही कमी. खोल जखमेतून रोज जे पाणी झिरपते त्यात प्रथिने जातात आणि शरीराकडे मांस बांधायला काही उरत नाही.

आहारतज्ज्ञांनी वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने सांगितली. माझे वजन ५२ किलो, म्हणजे ६५ ते ७८ ग्रॅम. मी वहीत आधीचा आहार लिहून काढला तेव्हा बेरीज ४० च्या खाली आली. आडवे पडून राहायचे म्हणून हलके खावे, असे आईचे म्हणणे होते आणि ती मला मऊ भात, वरण आणि पेज देत होती. आता सकाळी दोन अंडी आणि दूध, दुपारी हुलग्याची उसळ किंवा मटकी, चारच्या सुमारास मूठभर शेंगदाणे, रात्री पनीर, मासे किंवा चिकन. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मात्र प्रथिने मनाने वाढवू नयेत. मणक्याची इजा असलेल्या आपल्यापैकी अनेकांना मूत्राशयामुळे तो त्रास असतो.

७ सप्टेंबर

आज जे सापडले त्यासाठी ही सगळी वही सार्थकी लागली असे मला वाटते.

आहार सुधारला, बसणे पूर्ण बंद आहे, तरी दर एक दिवसाआड ड्रेसिंगवर ताजे रक्त दिसत होते. मी वहीत रक्ताच्या नोंदींखाली रेघ मारत गेले आणि लक्षात आले की तो दिवस नेहमी शौचाचा असतो. मी दिवसाआड कमोड चेअरवर बसते आणि पोट साफ व्हायला पाऊण तासाहून जास्त वेळ लागतो. "खुर्चीत बसत नाही" असे मी प्रत्येक डॉक्टरांना सांगत होते आणि त्यात कमोड चेअर धरतच नव्हते, त्यांनीही विचारले नाही. खुर्ची कडक प्लास्टिकची आहे. मध्ये भोक असल्याने दोन्ही कुल्ले फाकतात, बैठकीची हाडे भोकाच्या कडेवर येतात आणि जखमेच्या कडा एकमेकींपासून ओढल्या जातात. ज्या रिंगला मी जुलैत नकार दिला होता, तिचेच काम हे भांडे करत होते.

त्यात भर म्हणजे पलंगावरून कमोडवर जाताना मी अंग उचलत नव्हते, घसरत होते. वहिनीने बाजूने व्हिडिओ काढला. चाकावरून जाताना डावा कुल्ला चाकाच्या वरच्या कडेवर घासत जातो हे त्यात स्वच्छ दिसते.

१० सप्टेंबर

शौच आता पलंगावरच, डाव्या कुशीवर किंचित कलून, प्लास्टिक आणि डायपर-पॅड अंथरून, सपोझिटरी (गुदद्वारात घालायची गोळी) घालून करते. हे मनाला जड गेले, विशेषतः वहिनीच्या मदतीने करावे लागते म्हणून. ती म्हणाली, "ताई, जखम भरेपर्यंतच आहे, माझ्यासमोर संकोच करू नका." येणे-जाणे आता गुळगुळीत लाकडी सरकफळीवरून होते. फळी सुताराने ६०० रुपयांत करून दिली, कडा गोल घासून घेतल्या, आणि मध्ये पातळ सुती कापड घालते म्हणजे उघडी कातडी लाकडाला चिकटत नाही.

१८ सप्टेंबर

ड्रेसिंगवर रक्त नाही. तळाचा रंग गडद लाल झाला आहे. उद्या गणपती येतात. आरतीला यंदा खुर्चीत बसणार नाही, पलंग बैठकीच्या खोलीत आणून ठेवला आहे.

३० सप्टेंबर

लांबी ३.८, रुंदी ३, खोली १.६. मधल्या काळात दोन दिवस ताप आला. जखमेची भीती वाटली, पण वास नव्हता, लाली नव्हती. लघवी गढूळ होती आणि कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) जंतू निघाले. प्रतिजैविक त्यासाठी चालू झाले. तापात पायांचे झटके वाढतात आणि प्रत्येक झटक्याने कुल्ला गादीवर घासला जातो, म्हणून डॉक्टरांनी झटक्यांवरच्या बॅक्लोफेन या औषधाची मात्रा थोडी वाढवून दिली.

६ ऑक्टोबर

कप्पा अजून दोन सेंटीमीटर आहे, म्हणून सर्जननी निर्वात पद्धत सुचवली. जखमेत स्पंज बसवून वर पारदर्शक चिकट पापुद्रा लावतात आणि यंत्र १२५ मिलिमीटर पाऱ्याइतक्या दाबाने आतले पाणी सतत ओढत राहते. स्पंज दर तिसऱ्या दिवशी बदलायचा. भाडे, स्पंज आणि ओढलेले पाणी साचण्याचा डबा धरून आठवड्याला साधारण ९,००० रुपये.

पहिल्या रात्री यंत्र सतत ओरडत होते, कारण गुदद्वाराच्या बाजूने हवा आत शिरत होती. दुसऱ्या दिवशी सिस्टरनी तेथल्या घडीत स्टोमाची (पोटावरच्या शौचपिशवीभोवती लावतात ती) पेस्ट भरून वर पापुद्रा लावला आणि गळती थांबली. नळी कोठून न्यायची यालाही महत्त्व आहे. ती कुल्ल्याखालून गेली तर नळीच नवी जखम करते. आम्ही नळीच्या तोंडाखाली स्पंजची पट्टी घालून ती मांडीच्या बाहेरच्या बाजूपर्यंत आणली, म्हणजे नळी कधीही अंगाखाली येत नाही. स्पंजचे किती तुकडे घातले ते वरच्या पापुद्र्यावर पेनने लिहून ठेवावे. एखादा तुकडा आत राहिला तर जखम त्याच्यावरून भरते आणि नंतर पुन्हा फुटते.

२७ ऑक्टोबर

यंत्र थांबवले. कप्पा मिटला, खोली ०.८. हा खर्च माझ्या मते योग्य होता, पण कमोड चेअर चालू असताना हेच यंत्र लावले असते तर पैसे वाया गेले असते.

११ नोव्हेंबर

दिवाळी. जखम पुन्हा अडली. तळ वर आला आहे, पण कडेची कातडी आत वळून गुळगुळीत गोल झाली आहे आणि पुढे सरकत नाही. अशी वळलेली कड आपले काम संपले असे समजून थांबते. सर्जननी कडा खरवडून ताज्या केल्या. थोडे रक्त आले आणि पुढच्या आठवड्यात पातळ मोतिया रंगाची किनार आत येऊ लागली. फोम ड्रेसिंग आता दर तीन दिवसांनी. ते उघडून पाहण्याचा मोह आवरावा लागतो. ओलसर आणि कोमट राहिलेली जखम लवकर भरते आणि दर वेळी उघडली की ती थंड पडते.

२५ नोव्हेंबर

१.५ गुणिले १. फक्त वरवर. आता खुर्चीचा शोध घेण्याची वेळ आहे. जखम मिटल्यावर खुर्ची पाहू असे म्हणत राहिले तर मिटलेल्या दिवशीच मी जुन्या खुर्चीत बसेन.

२ डिसेंबर

फिजिओथेरपिस्ट घरी आल्या. भाऊ खुर्चीत बसला आणि त्यांनी खालून, बाजूने, मागून पाहिले. माझे फोमचे कुशन बरीच वर्षे जुने आहे. डाव्या बाजूला फोम दबून त्याचा भाकरीएवढा जाड थरच उरला आहे, हात घालून दाबले तर खालची बैठक लागते. कुशनच्या खाली खुर्चीचे रेक्झिन मध्ये झोळीसारखे लोंबले आहे, त्यामुळे कंबर डावीकडे झुकते आणि डावे हाड उजव्यापेक्षा खाली जाते. जखम डावीकडेच का झाली याचे उत्तर येथे मिळाले.

तिसरी गोष्ट माझ्या कधी मनातही आली नव्हती. फूटरेस्ट फार वर बसवलेले होते. गुडघे वर उचलले गेले की मांड्या कुशनवरून सुटतात आणि मांड्यांनी घ्यायचा भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो. चाकाला दगड लागू नयेत म्हणून कोणीतरी ते वर घेतले होते.

१२ डिसेंबर

लोंबलेल्या बैठकीवर, कुशनच्या खाली ठेवायला सुताराने १२ मिलिमीटरचा प्लाय खुर्चीच्या मापाने कापून दिला. कडा गोल केल्या, खाली दोन पट्टे लावले म्हणजे तो पुढे सरकत नाही. फूटरेस्ट खाली घेतले. मांडीखाली तळहात सरकवला तर आता गुडघ्यापासून मागेपर्यंत सारखाच दाब लागतो. प्लायमुळे बसण्याची उंची वाढते, म्हणून टेबलाखाली गुडघे जातात का तेही पाहावे लागले.

सुट्या फुग्यांचे हवेचे कुशन मागवले, ३१,००० रुपये. हा आकडा पाहून मी मागची दोन वर्षे ही खरेदी पुढे ढकलली होती.

२४ डिसेंबर

जखम मिटली. जागेवर गुलाबी, चकचकीत, पातळ कातडी आहे. सर्जननी बजावले की ही कातडी मूळ कातडीइतकी कधीच मजबूत होणार नाही. महिनोन्महिने पक्की होत गेली तरी साधारण ८० टक्क्यांपर्यंतच जाते. आणखी दोन आठवडे बसायचे नाही.

८ जानेवारी २०२४

बसायला सुरुवात. कुशनमध्ये हवा किती हे ठरवण्याची रीत अशी: आधी थोडी जास्त भरायची, मी बसायचे, वहिनीने सर्वांत खाली आलेल्या हाडाखाली हात सरकवायचा आणि झडपेतून हवा सोडत जायची, हाड आणि कुशनचा तळ यांत दीड ते अडीच सेंटीमीटर अंतर राहीपर्यंत. घट्ट फुगवलेले कुशन बसायला स्थिर वाटते, पण त्यात हाड बुडत नाही आणि सगळा भार दोन टोकांवर राहतो.

पंधरा मिनिटे बसले, आडवी झाले, फोटो घेतला. लाली होती, ती अर्ध्या तासाच्या आत पूर्ण गेली. हीच कसोटी पुढे लावायची आहे. लाली अर्ध्या तासात गेली तर काही दिवसांनी पंधरा मिनिटे वाढवायची, राहिली तर एक पायरी मागे यायचे.

२ फेब्रुवारी

दीड तासापर्यंत आले होते. आज लाली तासभर गेली नाही. हवा तपासली, ती बरोबर होती. मग वहिनीने कुशनवरचे सगळे काढले. कव्हर मळू नये म्हणून आईने वर जाड टॉवेल चौघडी करून घातला होता. ताणलेल्या टॉवेलवर अंग तरंगते आणि फुगे आकार घेऊ शकत नाहीत. वर घडीची एक कड नेमकी जखमेच्या जागी आली होती. टॉवेल गेला. चार दिवस पूर्ण आडवी, नंतर पुन्हा पाऊण तासापासून.

१ मार्च

दाब उतरवण्याची पद्धत बदलली आहे. पूर्वी मी हातांवर जोर देऊन अंग काही सेकंद उचलत असे आणि तेवढ्याने भागते असे समजत होते. दबलेल्या जागेत रक्त पुरते परत यायला जवळजवळ दोन मिनिटे लागतात. तेवढा वेळ कोणी हातांवर उचलून राहू शकत नाही आणि खांदे झिजतात ते वेगळेच. आता दर वीस मिनिटांनी खुर्ची टेबलाजवळ घेऊन, दोन्ही कोपर टेबलावर ठेवून, छाती मांड्यांकडे झुकवते आणि दोन मिनिटे तशीच राहते. त्या वेळात पावत्या लावण्याचे किंवा फोनचे काम होते. गजर मोबाइलचा आहे आणि तो बंद करण्याचा अधिकार मी भाच्याकडे दिला आहे. मी झुकलेली दिसल्याशिवाय तो बंद करत नाही.

कमोडला मऊ गादीचे आसन बसवून घेतले आहे. तेथे वीस मिनिटांच्या वर बसत नाही, उरलेले पलंगावर.

३१ मार्च

वर्षअखेरीचे काम खुर्चीत बसून केले. दिवसाला सहा तास, दुपारी दीड तास पालथे. फोटो रोज सकाळी आणि रात्री, एकाच उजेडात, शेजारी पट्टी धरून. जागा फिकट गुलाबी आहे आणि रात्रीची लाली दहा मिनिटांत जाते.

हिशेब: गादी ३,२००, ड्रेसिंगचे साहित्य २८,०००, निर्वात यंत्र २७,०००, डॉक्टर आणि तपासण्या १४,०००, कुशन ३१,०००, प्लाय, सरकफळी, कमोडचे आसन आणि किरकोळ ५,०००. एकूण १,०८,२०० रुपये. यात बुडालेले काम धरलेले नाही. ऑडिटच्या हंगामातली निम्मी गिऱ्हाइके दुसरीकडे गेली, त्यांपैकी काही आता परत आली आहेत. प्लाय, फूटरेस्टची उंची आणि कुशन या तीन गोष्टी आधी केल्या असत्या तर खर्च ३२,००० च्या आसपास थांबला असता, आणि त्यातला प्लाय तर कोणत्याही सुताराकडे अर्ध्या दिवसात होतो.

पुढची कामे: कुशनची हवा दर सोमवारी हाताने तपासणे, प्लायचे पट्टे महिन्यातून एकदा ओढून पाहणे, अल्ब्युमिन मे महिन्यात पुन्हा.